पुसलेला आकडा

ताई,

गिअरचं तेल आणायला चालत जातोय. पिकअप अंगणात जॅकवर आहे, तिला हात लावू नकोस. काल ट्रेलर ओढताना चढावर गिअर अडकला आणि मी सगळ्यांसमोर तुझ्या चालवण्यावर खापर फोडलं. आज तेल काढलं तर काळंकुट्ट, जळकं. मीटर चार लाख किलोमीटरवर आलं की ते बदलायचं, असं तू गाडीच्या दाराच्या आत खडूनं लिहिलं होतंस. ट्रेलर ओढायला मोठा हूक बसवला तेव्हा फोटोसाठी गाडी चकाचक करताना मीच ते पुसलं आणि विसरलो. काल खाली उतरल्यावर तू दाराकडे का बघत होतीस, ते आज उमगलं. तरी एवढं ऐकून घेतलंस. का गं?

– दीडशहाणा