मोहरी तडतडत नाही

खोली नंबर १५, नवलाई सोसायटी,
चारकोप, सेक्टर तीन.
११ जानेवारी.

खोली नंबर १४ मधल्या दशरथ सावंत यास भिंतीच्या या बाजूने धाकू तावडे याचा नमस्कार.

खरं तर 'तीर्थरूप' लिहिणार होतो, कारण तू माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा आहेस आणि पन्नास वर्षांत हे तू मला एकदाही विसरू दिलेलं नाहीस. पण आपलं भांडण चालू आहे, तेव्हा नुसत्या नमस्कारावर भागव. आता मधे साडेचार इंचांची भिंत असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर दसऱ्याच्या आधी तू माझ्या दारात उभा राहून अख्ख्या लाईनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, "धाकू, तुझे कान तुझ्याकडे ठेव. आजपासून बोलणं बंद." लिहिणं बंद, असं म्हणाला नव्हतास. मी नीट ऐकलं होतं.

तुझी तब्येत विचारत नाही, कारण गरज नाही. तुझा पहाटेचा खोकला तीन आठवडे बंद आहे. पूर्वी बरोबर पाच दहाला सुरू व्हायचा आणि मी त्यावर उठायचो, गजर लावावा लागत नव्हता. हल्ली सातपर्यंत लोळतो. म्हणजे औषध लागू पडलं. (किंवा मला ऐकू येऊ नये म्हणून तू उशीत तोंड खुपसून खोकतोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.) रेडिओही बंद केलास. भांडीसुद्धा अशी घासतोस की चमचा वाजत नाही. शेवंतीवहिनी दिवाळीपासून नाहूरला लेकीच्या, रुचिराच्या बाळासाठी गेल्यात, नाहीतर त्यांना बोलावून दाखवलं असतं की बघा, तुमच्या नवऱ्याचा संसार कसा बिनआवाजी चाललाय. एवढा राग बरा नव्हे रे. माणसानं अधूनमधून एखादं भांडं तरी पाडावं.

माझा गुन्हा काय, ते पुन्हा एकदा लिहून ठेवतो. रुचिराने फोन करून विचारलं, काका, बाबा शुगरचं पथ्य पाळतात ना? मी म्हटलं, पाळतो, मंगळवार आणि शुक्रवार सोडून. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी चार वाजता भजी असतात. यात खोटं काय होतं? भजी तेलात सोडल्याचा आवाज आणि पापड तळल्याचा आवाज यातला फरक मला भिंतीपलीकडून कळतो, यात माझा दोष नाही. ह्या कानांवर मी मोठा झालो. अकराव्या वर्षापासून प्रेसशॉपमध्ये भंगार झाडत होतो, तेव्हापासून ऐकतोय. पत्रा कापणारी डाय तडकायच्या आधी आठ-दहा ठोके मला कळायचं. बाजूच्या गाळ्यातले मालक चपला न घालता धावत यायचे, धाकू, जरा येऊन ऐक रे म्हणून. त्याच कानांच्या जिवावर पुढे इंडस्ट्रियल इस्टेटीत स्वतःचा गाळा झाला, दोन पावर प्रेस झाले आणि मी चाळीस वर्षं पत्र्यातून कालथे पाडले. या मुंबईतल्या किती स्वयंपाकघरांत माझे कालथे असतील, देवाला माहीत. आणि गेल्या महिन्यापर्यंत मी स्वतः त्यातला एकही तव्याला लावला नव्हता.

आता खूश हो. शुगर मलाही निघाली. (हस. मी ऐकत नाहीये.) तुझ्याच दवाखान्यात, तुझ्याच दिशा मॅडमनी, तोच छापील कागद माझ्या हातात दिला. वय माझ्या मुलापेक्षा, सर्वेशपेक्षाही कमी असेल, पण हिंमत बघ. पोहे बंद, उपमा बंद, पाव बंद, माझ्या शकुने शिकवलेले आणि मला येत नसलेले घावनेही बंद. मी विचारलं, मग सकाळी खायचं काय, वर्तमानपत्र? तर म्हणाल्या, काका, पोटभर खा, पण धान्य नको. थंडीच्या भाज्या आल्यात, त्या खा, वर दोन अंडी फोडा. थंडी म्हणजे आपली चारकोपची, तुला माहीतच आहे. वॉचमनने माकडटोपी घातली आणि पंखा पाचावरून दोनवर आला की झाला हिवाळा. पण भाज्या खरोखर आल्यात. कोपऱ्यावर चंपाची गाडी बघतोस ना, मेथी, हिरवा लसूण, मुळे, मटार, आणि उशीएवढे फ्लॉवर.

तर पहिली अडचण फ्लॉवरची. अख्खा फ्लॉवर म्हणजे एका माणसाला आठवडा. मी चंपाला म्हटलं, अर्धा दे. ती म्हणाली, उरलेला अर्धा कुणाच्या गळ्यात घालू? मग दुसऱ्या दिवशी आपणहून अर्धा दिला. (मी विचारलं नाही. पण तुझ्या पिशवीतून दुसरा अर्धा डोकावत होता आणि त्याची मोडलेली बाजू माझ्या अर्ध्याशी जुळत होती. डाय बनवणाऱ्याला एवढं कळतं.) शकु जाऊन होळीला चार वर्षं होतील. इतकी वर्षं मी डबा आणि कोपऱ्यावरच्या पोह्यांवर काढली. त्यामुळे किसणीची ओळख नव्हती. पहिल्या दिवशी फ्लॉवर कमी आणि बोटं जास्त किसली. दुसऱ्या दिवशी कळलं की अर्धा फ्लॉवर किसला तरी परातभर होतो. तिसऱ्या दिवशी मेथी निवडायला बसलो, पानं एकीकडे आणि देठ एकीकडे, आणि उठलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. नाश्ता दुपारी एकला केला. दिशा मॅडमना सांगू नकोस. तू सांगणार नाहीस म्हणा, ती सवय माझी.

आणि मग मोहरीचं प्रकरण. सर्वेशच्या बायकोने, प्रांजलने, बंगळुरातून कृती लिहून पाठवली. तेल तापवा, मोहरी टाका, अंगावर उडते म्हणून झाकण ठेवा, तडतडली की मिरची-कढीपत्ता टाका, मग किसलेला फ्लॉवर. (फोनवर सांगत होती, पण हल्ली फोनचं नेटवर्क असं आहे की एक शब्द धड येत नाही. उलट सर्वेश मलाच म्हणतो, बाबा, ओरडू नका.) मी झाकण ठेवून उभा राहिलो. मोहरी तडतडेना. बाबा रे, ज्या माणसाने डाय तडकायची चाहूल ओळखली, तो मोहरीपुढे हात जोडून उभा. पाच मिनिटं झाली असतील. झाकणाच्या कडेने धूर यायला लागला, उघडलं तर आत कोळशाची भुकटी. वाण्याकडे गेलो, म्हटलं जुना माल आहे. दुसऱ्या दुकानातून आणली, तीही मुकी. तिसऱ्याने मला नमस्कार केला आणि सांगितलं, काका, आम्हा तिघांची मोहरी एकाच गोणीतून येते. तेही मला दोनदा विचारल्यावर कळलं. हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात.

आता जे मनाला लागलं ते लिहितो. मागच्या गुरुवारी सगळ्यात मोठा धूर झाला. कढई पेटायची बाकी होती. मी गॅस बंद करून मागच्या खिडकीशी खोकत बसलो. तो धूर तुझ्या खिडकीतून आत गेल्याशिवाय राहिला नसेल. वाटलं, आता येईल. शिव्या घालत का होईना, येईल. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी लाज सोडून मी कालथ्याने भिंतीवर दोनदा वाजवलं. आपलं जुनं, 'चहा टाकलाय, ये' वालं. अठ्ठावीस वर्षं त्या खुणेवर आपण चहा प्यायलो, तुझ्याकडची टाइल त्या जागी फुटलीसुद्धा. मी भिंतीला कान लावून उभा राहिलो. पलीकडे कसलाच आवाज नाही. असो. चहात साखर नव्हतीच.

त्यानंतर मी मोहरीचा नाद सोडला. तुपात हिरवा लसूण, मग मेथी, फ्लॉवर, मूठभर मटार, मीठ, मधे दोन खळगे करून दोन अंडी आणि वर झाकण. झकास झालं. शपथेवर सांगतो, शकुनेही पुन्हा घेतलं असतं. अर्ध्यात पोट भरलं. उरलेल्या अर्ध्याकडे बघत बसलो, कारण झकास झालं हे सांगायला घरात कोणी नव्हतं. शेवटी वॉचमनला सांगितलं. तो म्हणाला, अंडं मी खात नाही.

तुझं कळलं. चंपाने सांगितलं (तिलाही दोनदा सांगावं लागलं). संक्रांतीला दुपारी वहिनी आणि रुचिरा येणार आणि तू कायमचा नाहूरला जाणार की नाही ते विचारणार. माझं काही मत नाही. लेक आहे, नातवंड आहे, जावं माणसानं. तिथली भिंत जाडही असेल. चौदा नंबरात कोण भाडेकरू येतो ते बघू. पोरगा-पोरगी असतील तर रोज भांडी पडतील, तेवढीच जाग.

बाकी सर्व क्षेम. नातवाला आशीर्वाद. तुला नाही, तू मोठा आहेस.

तुझा (अजून),
धाकू

ता. क. : आज तेरा तारीख. पत्र दाराखालून सरकवायला निघालो होतो, तेवढ्यात चंपाने गाडीवर अडवलं आणि काहीतरी विचारलं. मी नेहमीसारखं हो हो म्हटलं आणि कोथिंबीर मागितली. तशी ती चिडली, हातातला मुळा खाली ठेवून अगदी कानाशी आली आणि म्हणाली, "धाकूभाऊ, त्या दिवशी धुराचं सांगितलं, तेव्हा पण तुम्ही असंच हो हो केलंत. धूर बघून दशरथभाऊ बादली घेऊन धावले होते. किती वेळ दार बडवत होते. मग मला म्हणाले, आत आहे, खोकताना ऐकू येतोय, पण मला उघडणार नाही. आणि बादली जास्वंदीला ओतून गेले."

दशरथा, मी आतच होतो. दाराकडे पाठ होती. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

ता. क. दुसरा : तसाच कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. एका बंद पेटीत बसवून डोक्यावर हेडफोन चढवले, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बराच वेळ बसून मी काचेतून खूण केली, मशीन चालू करा. ते चालूच होतं. डावा गेलाय, उजवा बांधाबांध करतोय. चाळीस वर्षांच्या प्रेसचं देणं, असं म्हणाले. यंत्र बसवायचंय, ते वीस तारखेला मिळेल. तेव्हा वर तुझ्या रागाबद्दल, रेडिओबद्दल आणि उशीबद्दल जे लिहिलंय ते खोड. वाण्यांची माफी मी आज संध्याकाळी मागणार आहे, तिघांचीही. एकच विचारतो. त्या दिवशी मी कालथ्याने वाजवलं, तेव्हा तू उलट वाजवलं होतंस का?

ता. क. तिसरा : उद्या संक्रांत. गूळ आपल्या दोघांनाही बंद, तेव्हा गोड बोलायची सक्ती नाही. नुसते तीळ भाजून अंड्यांवर टाकीन. वहिनी दुपारी येतील, तू सकाळी आठला ये, तुझा अर्धा फ्लॉवर घेऊन. दार वाजवू नकोस, नुसतं लोटलेलं असेल. उद्या मोहरी घालणार आहे. कढईपाशी उभा राहा आणि तडतडली की माझा हात धर, मी मिरची टाकतो. नाहूरचं काय ते नंतर दुपारी तुमचं तुम्ही ठरवा.

ता. क. शेवटचा : सुरुवातीला तुझी तब्येत विचारली नव्हती. कशी आहे? पहाटे अजून खोकतोस का?