बाबांच्या भिंतीचे माड

पुणे, १२ जून २०२५

ती. अक्कास,
भार्गवीचा सा. न. वि. वि.

सर्जेकोटच्या होडीवरच्या नावाचा तुझा फोटो पोचला. पुस्तकांची मुखपृष्ठं करणारे आम्ही सगळे त्या अक्षरांवर लट्टू झालो आहोत. पत्रासोबत एक आवडलेलं चित्र पाठवायचं, या आपल्या नेमाप्रमाणे या खेपेला एका प्रदर्शनातलं कार्ड पाठवते. पण आधी खाली बस, मग बघ.

तीच खाडी, कौलावरचा तोच मोर, तेच माड! बाबांनी जाण्याआधी, चार वर्षांपूर्वी, घरच्या गणपतीमागे रंगवलेली शेवटची भिंत. त्यांचा हात थरथरत होता म्हणून वाकड्या झालेल्या माडांच्या रेघासुद्धा जशाच्या तशा. बाबा भिंतीचा फोटो कुणाला काढू देत नसत आणि पुढच्या चवथीआधी तू ती चुन्याने पांढरी केलीस. मग कार्डावर जिचं नाव आहे ती चित्रकार ‘सावित्री’ कोण? मला काही ठीक वाटत नाही.

सर्वेश-नम्रताला आशीर्वाद. माया अशीच राहू दे.

तुझी,
भार्गवी

मसुरे, २२ जून

चि. सौ. भार्गवीस,
अ. उ. आ.

कार्ड दहादा उलटंसुलटं करून पाहिलं. माझा संशय नम्रतावर आहे. आपल्या भावाची बायको म्हणून वर्षभर गप्प राहिले, पण बाईच्या हातातला फोन सुटत नाही. कुरिअरवाला तिच्यासाठी खेपा घालतो. काय आलं विचारलं की ‘काय नाय गो अक्का’ म्हणते आणि कपाट लावून घेते. लग्नाआधी ती पलीकडच्या वाडीतली, म्हणजे चवथीला आपल्या घरात येऊन लपून फोटो काढायला कितीसा वेळ!

सर्वेशला बोलले नाही. बोलले तर घर फुटेल. पण हे खरं निघालं, तर तिच्यासोबत एका चुलीचं जेवणार नाही, मी वेगळी राहीन. भिंत यंदाही पांढरीच राहील. बाबांच्या जागेवर कुणी हात चालवायचा नाही.

सोबत काजूच्या जुन्या डब्यावरचं लेबल. त्यातला पोपट बघ, किती आगाऊ दिसतो.

तब्येतीला जप आणि मला विसरू नकोस.

तुझी,
अक्का

पुणे, ३ जुलै

ती. अक्कास,
सा. न.

पोपट अगदी तुझ्यावर गेला आहे! रागावू नकोस.

प्रदर्शनवाल्यांकडे चौकशी केली. सावित्रीबाईंना कुणी पाहिलेलं नाही, पण त्यांची पार्सलं मसुऱ्याहूनच येतात. म्हणजे तुझा संशय पोकळ नाही. तरी कार्ड पुन्हा बघ. खाली भजनाला बसलेल्यांची पाठमोरी डोकी आहेत. चवथीत आपल्याकडे पंचक्रोशीतलं भजन येतं, हे आपण दोघी विसरलोच की! ती भिंत शंभर जणांनी तासभर समोर बसून पाहिली असेल. नम्रतालाच सरळ विचार. मात्र वर्गातल्या मुलांना विचारायचीस तशी नको.

लोभ आहेच, तो संशयाने आटवू नकोस.

भार्गवी

मसुरे, १५ जुलै

चि. सौ. भार्गवीस,
आशीर्वाद.

विचारलं. कार्ड पुढ्यात टाकलं तशी पोरीचा चेहरा उतरला. म्हणाली, चित्र माझंच, सावित्री माझ्या आईचं नाव. भिंतीला तुम्ही कुणाला हात लावू देत नाही, म्हणून सांगायला भ्याले. फोटो कुठला? तर म्हणे फोटो नाय, लक्षात आसा. मी कसली विश्वास ठेवते! खडू दिला आणि ओटीच्या जमिनीवर काढून दाखव म्हटलं.

भार्गवी, तिने काढलं. खाडी, मोर आणि माड, एकदाही न थांबता. माडांच्या रेघा तशाच वाकड्या. मी दरडावून विचारलं की रेघा मुद्दाम वाकड्या का, म्हाताऱ्याच्या हाताची थट्टा करतेस? ती गोंधळली. बाबांचा हात थरथरायचा हे तिला ठाऊकच नव्हतं. माका वाटला, माडांक वारो लागलो आसा, एवढंच म्हणाली.

मला रडू आवरेना. चार वर्षं मी डोळे मिटले की तो थरथरता हातच दिसायचा. आता त्या हाताआडचे माड दिसायला लागलेत.

या चवथीला भिंत नम्रताची. तिला सांगितलंय, कार्डावर नाव घालायचं तर तुझं घाल, आईचं कशाला. पुण्याहून चांगला हिरवा रंग घेऊन लवकर ये. मी मात्र रोज तिच्या मागे उभी राहणार आहे. वारा सुटलेला मलाही बघायचाय.

तुझी,
अक्का