अडखळणारं बदक

३ जुलै

दादा,

आज सकाळी वकिलांकडे जाऊन आले. तुझी वारस म्हणून तू रेखाटलेल्या बदकाच्या नोंदणीच्या अर्जावर सही केली, म्हणजे त्याची नक्कल कुणाला करता येणार नाही.

फोनच्या पडद्यावर काही उघडेपर्यंत तुझं ते बदक चालत राहतं. पण अर्जात हालचाल देता येत नाही, एकापुढे एक स्थिर चित्रं द्यावी लागतात. वकील म्हणाले, "ताई, हे अडखळण्याचं चित्र गाळू या. हक्क चित्रांत दाखवलं तेवढ्यावरच मिळतो. ते ठेवलं तर न अडखळणारं बदक कुणीही उचलेल आणि आपण हात चोळत बसू."

त्यांचं बरोबरच होतं. पण अडखळल्यावर ते मान वळवून कुणी पाहिलं का ते बघतं, अगदी तुझ्यासारखं. मी म्हटलं, "तेच राहू द्या. बाकीचं कुणी नेलं तर नेऊ दे."

"तुम्ही भावाच्याही वरताण आहात," ते म्हणाले.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. तुझी सगळी मेहनत मी एका ठेचेपायी उघड्यावर टाकली का? तू चिडला असतास की हसला असतास, हेही ठरवता येत नाही. वकिलांना फोन करायला गेले आणि केला नाही.

मघाशी केलेला चहा निवला होता. तो तसाच प्यायले आणि कप विसळून पालथा घातला.

तुझी,
धाकटी