हॅचेट क्रीकचा साडेनऊ पौंडी बास

मी, ओलेटा मे स्टॅम्प्स, कै. व्हर्जिल स्टॅम्प्स यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार हॅचेट क्रीक जलाशयाचा पूर्व काठ, टेनेसी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने एक सकाळ माझ्याबरोबर होडीत बसावे आणि माझ्यापेक्षा एक क्रॅपी मासळी जास्त धरून दाखवावी. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती लिहिताना मी लोकांची मने राखत होते.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगा टेरेल याला. घर त्याने विकले तरी माझी हरकत नाही. मासळीचा वास त्याला कधीच सोसला नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

२. घरासमोरचा लाकडी धक्का मात्र टेरेलला नाही. तो काउंटीला द्यावा, या अटीवर की गळ घेऊन येणाऱ्या कोणालाही तिथे फुकट बसू दिले जाईल. बास मासे धरणाऱ्यांच्या गावच्या क्लबाने तो माझ्याकडे चारदा मागितला. त्यांना सभासदांपुरते फाटक बसवायचे होते. क्लबाला त्यातली एक फळीसुद्धा मिळू नये. धक्क्यासमोर पाण्याखाली माझ्या वडिलांचे शेत आहे. १९५१ साली धरणाने ते गिळले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. कुंपण कुठून जात होते, पीचच्या झाडांची खोडे कुठे, कोठाराचा दगडी पाया कुठे, हे मला आजही पाठ आहे. क्रॅपी खोडांच्या आडोशाला असतात, मोठे बास कोठाराच्या पायाशी. लोक याला माझे नशीब म्हणत आले.

३. होडी, मोटर व गळाच्या सर्व काठ्या, जो प्रथम मागेल त्या बाईला. पुरुषाने मागितल्यास त्याने बायकोला पाठवावे.

४. क्लोविस हॅचेल याला काहीही नाही. कारण नोंदवून ठेवते. क्लबाच्या १९७८च्या मासेमारी स्पर्धेत मी नाव घातले. क्लबाच्या नियमांत बायकांना मनाई नव्हती, कारण तसे कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. मी साडेनऊ पौंडांचा बास आणला. क्लोविस तेव्हा अध्यक्ष होता. वजन वाढवायला माशाच्या पोटात शिसे भरलेले आहे, असे त्याने सगळ्या गावासमोर भोंग्यावरून सांगितले.

मी म्हणाले, "काप. इथेच काप, सगळ्यांना दिसू दे."

त्याने कापला. आत माशाने गिळलेले दोन झिंगे निघाले, शिसे नाही. तेव्हा तो म्हणाला की कापलेला मासा नियमात बसत नाही, आणि करंडक दुसऱ्या क्रमांकाला दिला. दुसरा क्रमांक माझ्या नवऱ्याचा होता. व्हर्जिलने तो घेतला. "घरातच आला ना?" असे म्हणत तो गाडीत बसला. मी सात मैल चालत घरी गेले.

त्या करंडकात मी चौतीस वर्षे गांडुळे ठेवली आहेत. तो धक्क्याच्या खांबाला खिळ्याने ठोकलेला आहे. तिथेच राहू द्यावा.

५. व्हर्जिलला मी माफ केले. ते सोपे नव्हते. १९८९ साली, जाण्याच्या आदल्या दुपारी, तो म्हणाला, "ओलेटा, मी त्या दिवशी तुझ्याबरोबर चालायला हवं होतं." मला त्याच्याच शेजारी पुरावे.

६. अंत्यविधीनंतर क्रॅपी मक्याच्या पिठात घोळवून तळाव्यात. विकतची मासळी आणल्यास मृत्युपत्र अवैध मानावे.

सही करण्यापूर्वी घडलेले इथे जोडते. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार चालत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून मी क्लोविसला बोलावले. तो काठी टेकत आला. सगळे वाचले. चौथे कलम दोनदा वाचले.

मग म्हणाला, "शिसं नाही, हे मला कापायच्या आधीच माहीत होतं."

"मलाही माहीत होतं की तुला माहीत आहे," मी म्हणाले. "आता लिही. सहीच्या खाली."

त्याने लिहायला बराच वेळ घेतला. मी घाई केली नाही.

ओलेटा मे स्टॅम्प्स (सही)
हॅचेट क्रीक, टेनेसी, १४ एप्रिल २०१२

साक्षीदार: जेनिव्हा बर्डसाँग, निवृत्त टपाल कारकून (सही)

साक्षीदार: क्लोविस हॅचेल (सही)
मासा तिचा होता. मी खोटे बोललो.