तिसऱ्या खुर्चीचं कार्ड

अप्पा, उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन आहे. द्राक्षरसासाठी मनुका मीच उकळत ठेवल्या आहेत. आई गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं, आणि मंडळीनं मला एल्डर निवडलं तेव्हा तुमचं कामही. आदल्या आठवड्यात घरोघर जायचं, चहा प्यायचा, कुणाचं कुणाशी बिनसलंय ते ऐकायचं आणि निघताना हातात कार्ड द्यायचं. रविवारी ते ताटलीत टाकलं की माणूस पांढऱ्या कापडाच्या लांब टेबलाशी बसतो. तुमच्या वेळी कार्ड नसलेला माणूस मागच्या बाकावर बसून राहायचा. अजूनही तसंच आहे.

अक्कानं सप्तापूरच्या त्या हिंदू मास्तरांशी नोंदणी लग्न केलं तेव्हा बाकीचे एल्डर म्हणाले, तिचं कार्ड थांबवा. तुम्ही दोन बैठका एकटे भांडलात. "टेबल प्रभूचं आहे, आपण नुसते पाट मांडणारे," असं म्हणालात. मी बाहेरच्या कट्ट्यावर बसून ऐकत होते आणि मला तुमचा राग येत होता. अक्काच्या लग्नामुळे माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं, आणि त्याबद्दल कुणी एक बैठकही घेतली नव्हती. शेवटी तुमचंच म्हणणं ठरलं. तुम्ही तिच्या नावाचं कार्ड लिहून माझ्या हातात दिलंत. "मी गेलो तर रडेल ती. तू दे."

मी गेले होते अप्पा, एवढं खरं आहे. दार उघडंच होतं. अक्का कुंकू लावून तांदूळ निवडत बसली होती आणि आतल्या कुणाला तरी कानडीत काहीतरी सांगून हसत होती. माझी झोप उडाली होती आणि ही हसत होती. मी उंबऱ्यावरूनच मागे फिरले. घरी येऊन म्हटलं, "दिलं. काही बोलली नाही."

त्या रविवारी तुम्ही टेबलाशी अक्काची तिसरी खुर्ची रिकामी ठेवलीत. भाकरीचं तबक फिरवताना तिच्यापाशी थांबलात, मग पुढे गेलात. पुढच्या प्रभुभोजनालाही, त्याच्या पुढच्यालाही. जेवताना मध्येच विचारायचात, "वाचलं होतं का गं तिनं?" मी "हो" म्हणायचे. अंथरुणाला खिळल्यावरही विचारलंत. ती तुमच्या मातीला आली तेव्हा फाटकाबाहेरच उभी राहिली, आणि तेव्हाही मी गप्प बसले. आता तबक माझ्या हातात असतं. त्या खुर्चीपाशी आलं की माझे पाय आपोआप थांबतात. मागून तुमच्या चपलांचा तो घासत येणारा आवाजही थांबतो. मी वळून पाहत नाही.

गेल्या आठवड्यात अक्काचा फोन आला. मास्तर वारले, ती आता एकटीच असते. "मी येऊ काय गं रविवारी? बसू देतील काय मला? अप्पांनी तर कार्ड पाठवलंच नाही की."

काल तिच्याकडे गेले. पर्समध्ये दोन कार्डं होती, एक माझ्या अक्षरातलं, एक तुमच्या. तुमचं इतकी वर्षं माझ्या पवित्र शास्त्रात होतं, कडा पिवळ्या झाल्यात, शाई नाही गेली. मी नवं कार्ड दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, पदरानं पुसलं आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "अप्पांना एकदाही वाटलं नसेल का गं?"

पर्स माझ्या मांडीवर होती, चेन उघडी होती. तरी मी म्हटलं, "तुला माहीतच आहेत की ते. कडक होते."

उद्या ती तिसऱ्या खुर्चीवर बसेल आणि भाकर तिला मीच देईन. तुमचं कार्ड मी पुन्हा शास्त्रात ठेवलं आहे. हा कागदही तिथेच ठेवते.