फ्यूजच्या जागी दाढीवाला

प्रिय ऑरिन,

मेव्हिस माझ्याजवळ आहे, धडधाकट आहे. हे पत्र बसवाला डनिंग दुसऱ्या फेरीला तुझ्या दारात खोचून जाईल. खाणीवर फोन केला असता, पण आपल्या सामाईक लाइनवर निम्मं गाव कान लावून बसलेलं असतं, आणि मिसेस टटलला चघळायला एवढंसुद्धा पुरतं. ट्रकच्या दिव्यातच वाच. आत कशालाही हात लावण्याआधी शेवटपर्यंत वाच.

सध्या पाचवीला वीज शिकवते आहे. बॅटरीसाठी एक लांब रेघ, एक आखूड. दिव्यासाठी वर्तुळात फुली. पोरं आधी बॅटरी हुबेहूब काढतात, वरच्या अक्षरांसकट. मी म्हणते, चित्र नको, वाट काढा. वीज कुठून निघते, कशी परत येते. परवा च्युइंग गमच्या चंदेरी कागदाची बारीक पट्टी कापून फ्यूज केला. तारा एकमेकींना टेकवल्या, पट्टी जळून तुटली, पोरांनी टाळ्या पिटल्या. फ्यूज मुद्दाम दुबळा ठेवतात, म्हटलं. तो मरतो म्हणून घर वाचतं.

आज सगळ्यांनी आपापल्या खोलीची आकृती आणली. मेव्हिसच्या आकृतीत फ्यूजच्या जागी दाढीवाल्याचं तोंड होतं. क्लाइड ओरडला, “अगं, वीज अडवायला आजोबांना बसवलंय का?” वर्ग खिदळला. ती उसळली, “गप रे बावळटा! एका सेंटच्या नाण्यावरचं तोंड आहे ते. फ्यूज सारखा उडायचा, म्हणून बाबांनी त्याच्या मागे नाणं सरकवलं. आता कध्धी उडत नाही!” काय अभिमान होता चेहऱ्यावर! माझ्या हातून खडू पडला.

एडिथ गेल्यापासून आईविना पोरीला थंडी वाजू नये म्हणून तू तो दुसरा हीटर लावलास, हे मला कळतं. इथे घरोघरी हेच चालतं. आपल्या बाबांनीही गोठ्यात नाणंच घातलं होतं. त्या गोठ्याचं काय झालं ते तुला मी सांगायला नको. तू म्हणशील, ताईला सगळीकडे आगच दिसते. दिसते रे.

शाळा सुटताना मी सहज विचारलं, खोली ऊबदार राहते का गं? म्हणाली, “आत्या, आता भिंतसुद्धा गरम असते. मी तिला पाठ लावून झोपते.”

ऑरिन, त्या भिंतीत धुरांडं नाही. तिथून फक्त तारा जातात. म्हणून मी तिला बसमध्ये चढू दिलं नाही. आधी दाराशी वास घे. जळकट वाटलं तर आत पाऊलही टाकू नकोस. नसेल तर टॉर्च घेऊन तळघरात उतर, मोठा खटका खाली ओढ आणि नाण्याला हात लावू नकोस. ते उद्या वायरमन काढेल. मग तिच्या भिंतीला तळवा लाव. कोमट जरी लागली तरी बाहेर पड, शेजारून बंबवाल्यांना फोन कर. मिसेस टटलने ऐकलं तर ऐकू दे. गार असली तर सरळ माझ्याकडे ये, बीन्स चुलीवर ठेवते. मेव्हिस समोर बसून आकृती पुन्हा काढते आहे. दाढीवाला खोडलाय, जागा कोरी ठेवली आहे. म्हणते, तिथलं बाबा आल्यावर काढू. तू तेवढा ये.

वाट पाहणारी, तुझीच ताई,
हेस्टर