इथं मरायचं नाही, या शर्तीवर

३ जुलै, गुरुवार

लिही. तारीख टाकली का? बरं.

गावात संध्याकाळी ओट्यावर बसून शेजारच्या कौसाले दिवसभराचं सांगून टाकायची. इथं आदिलाबादले कौसा नाही, ओटाही नाही. म्हून वहीले सांगते. वही मधात बोलत नाही, तेवढं बरं आहे.

प्रणालीले, म्हणजे ह्या लिहिणारीले, डिग्रीत सीट भेटली. हॉस्टेलात नाही भेटली. गावची बस पाऊस झाला की नाल्याच्या पलीकडंच थांबते. तिचा बाप म्हणाला, पंधरा तारखेपर्यंत खोली भेटली तर शीक, नाही तर कापसात निंदण आहेच. माझाच लेक आहे. एकदा बोलला की मागं घेत नाही. कोणावर गेला कोणास ठाऊक.

सध्या तिच्या मावशीकडं पडलो आहोत. तिच्या दोन खोल्यांत आधीच सहा जण.

आज तीन घरं पाह्यली. तिन्ही ठिकाणी एकच. एकट्या पोट्टीले देत नाही, फॅमिली पाहिजे. मी म्हटलं, मंग मी कोण आहे, पाहुणी? उद्यापासून मलेच पुढं करायचं ठरलं.

५ जुलै, शनिवार

दोन घरं.

पहिल्या घरवाल्यानं खुर्ची देली, पाणी देलं. मंग हिंदीत सुरू. अम्मा की उमर क्या, शुगर है क्या, दिल की बीमारी, रात को दम लगता क्या. वाटलं, माणूस माझं स्थळच पाहून राह्यला. लाजायच्या बेतात होती. मंग म्हणे, खोली कालच गेली. बाहेर पाटी लटकूनच होती.

दुसऱ्या घरी खुर्चीही नाही. माझ्या काठीकडं पाह्यलं अन् म्हणे, मालक गावाले गेले.

पोट्टी एकटी असली तर नाही. म्हातारीसंग असली तरी नाही. मंग किरायानं राह्यते कोण, कबुतरं? काही समजून नाही राह्यलं.

६ जुलै, रविवार

मावशीनं समजावलं.

इकडं किरायेदाराच्या घरी कोणी मेलं तर घरमालक मढं आत ठेवू देत नाही. दवाखान्यातून आणलं तर रस्त्यावर मांडव टाकून तिथंच ठेवा म्हणते. अन् वाईट नक्षत्रावर कोणी आत मेलं, तर पंतुलू, म्हणजे त्यांचा भटजी, सहा-सहा महिने घर बंद करायले सांगते. म्हून म्हाताऱ्याले कोणी खोली देत नाही.

मी म्हटलं, जीव काय पंचांग पाहून जाते?

मावशी म्हणाली, "तुमचा जात असन नसन, किराया तर बुडते ना त्याहिचा."

म्हंजे मी नसली तर पोट्टीले खोली नाही, अन् असली तर माझ्यापायी नाही. दिवसभर ह्याच्यावरच डोकं लावलं. दाळ करपली.

८ जुलै, मंगळवार

आज तयारीनं गेलो. काठी कोपऱ्यावरच्या चहावाल्याजवळ ठेवली. प्रणालीनं शिकवलं, आजी, पायरी चढताना 'रामा' म्हणायचं नाही. नवं लुगडं. चालता चालता दोनदा थांबली, पण दुकानातल्या साड्या पाहायच्या निमतानं.

घर चांगलं आहे. मालकीणबाई तेलुगू, पण मराठी बोलते आपल्यापेक्षा शुद्ध. नवरा नोकरीनं बाहेरगावी, शनवारी येते. मागच्या बाजूले एक खोली, दार अलग, अंगणात पेरूचं झाड. आषाढात इकडं कोणी घर बदलत नाही, म्हून खोली रिकामी राह्यली म्हणे.

मले 'अव्वा' म्हणते. त्याहिच्यात आजीले तसं म्हणतात. आधार कार्ड मागितलं. कार्डावर मी बासष्ट वर्षांचीच. आधारवाल्या पोरानं नुसतं तोंड पाहून वय टाकलं होतं, तवा माझे दात होते. बाईनं कार्ड पाह्यलं, मंग मले पाह्यलं, मंग पुन्हा कार्ड.

"अव्वा, खरं सांगा. तब्येत कशी आहे?"

मी म्हटलं, तुमच्या पेरूच्या झाडावर चढून दाखवू का?

हसली. पण हो म्हणाली नाही.

१० जुलै, गुरुवार

भेटली खोली.

कागद केला. बाकीचं जसं असते तसंच. शेवटी एक ओळ बाईनं हातानं लिहिली. प्रणाली वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, वाच, मी काही त्या ओळीनं मरत नाही. ओळ अशी होती की आजीची तब्येत जास्त बिघडली तर तिले ताबडतोब गावी न्यायचं, काही झालं तरी ह्या घरात ठेवायचं नाही.

अंगठा देला. जन्मात पुष्कळ ठिकाणी देला, पण मरणार नाही म्हून पहिल्यांदाच. यमाची सही घ्यायची राह्यली.

घरात शिरताना बाईनं दूध उतू जाऊ देलं. त्याहिचा शकुन आहे. मी मनातल्या मनात चहा मोजत होती.

काठी आणली चहावाल्याकडून, पदराखाली. दाराआड ठेवली आहे.

२७ जुलै, रविवार

चार दिवसांपासून खोकला. साधाच आहे. पण बाई अंगणात आली की मी उशी तोंडात धरते. प्रणाली कॉलेजातून आली अन् म्हणे, आजी, डोळे काऊन लाल? मी म्हटलं, उशी खाल्ली.

पोट्टी हसली नाही. तिले वाटते, तिच्यापायी मी घाबरून राह्यली—खोड ते. घाबरत नाही. फक्त एका गोष्टीची लाज वाटते, की आपलं मरण दुसऱ्याले अडचण

पुढचं लिहू नको.

९ ऑगस्ट, शनिवार

खोकला गेला. बाईनंच अडुळशाचा काढा आणून देला. म्हणजे माहीत होतं तिले. बोलली नाही. मी वाटी धुऊन, त्यात गावची ज्वारी घालून परत केली.

अशी बाई अन् अशी ओळ. दोन्ही एकाच हातचं. कसं बसवायचं?

१८ ऑगस्ट, सोमवार

पोळा शुक्रवारी. गुरुवारी गावाले जाऊ, असं मनात होतं.

दुपारी बाई आली अन् दारातच बसली. आत ये म्हटलं तर येईना. तिचा बाप मंचेरियलले तिच्या भावाजवळ राह्यते, किरायाच्या घरात. दवाखान्यानं आज सांगितलं, आता घरी न्या. अन् भावाचा घरमालक म्हणाला, इथं आणायचं नाही.

मी पाणी पुढं केलं. बोलण्यासारखं जे होतं, ते तिनंच कागदावर लिहिलं होतं.

स्वतःच्या घरात घ्यायले तिची सासू नाही म्हणते. पोरीच्या घरात बापाचा जीव जाऊ नये, असं सासूचं म्हणणं. मागची खोली अलग दाराची, ती घरात धरत नाहीत म्हणे.

म्हंजे आमची.

"अव्वा, थोडे दिवस. तुम्ही गावाला जाणारच होतात. नंतर खोली तुमचीच."

थोडे दिवस म्हणजे किती, हे कोण सांगणार? अन् नंतर पंतुलूनं सहा महिने बंद करा म्हटलं तर? प्रणालीची परीक्षा पोळा झाल्यावरच्या सोमवारी आहे. खोली सोडून एकदा गावात गेली की तिचा बाप तिले पुन्हा पाठवत नाही, हे मले माहीत आहे, तिलेही माहीत आहे. बाईले सांगितलं नाही. बापाची वाट पाहणाऱ्या लेकीले हे कसं सांगावं?

उद्या सांगते, म्हटलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी प्रणालीले इचारलं. ती म्हणे, आजी, कागद आहे आपल्याजवळ, त्या काढू शकत नाहीत. मी म्हटलं, कागदात तर हेही आहे की इथं कोणी मरायचं नाही. ती म्हणे, ते फक्त तुमच्यासाठी आहे. खरंच आहे. दोन म्हातारे, शर्त एकालेच.

ती कॉलेजात गेली. मी दाराआडची काठी काढली अन् खोली मोजली. माझी बाज खिडकीखाली दोन काठ्यांच्या जागेत बसते. दुसरी बाज भिंतीले लागून बसन, पण प्रणालीचं टेबल बाहेर काढावं लागन. पेरूखाली ताडपत्री बांधली तर टेबल तिथं राहीन. पाणी आलं तर वह्या भिजतील.

पुन्हा मोजली. तेवढीच निघाली.

बाई अंगणातून पाहून राह्यली होती. काठी लपवायचं लक्षातच नाही आलं. तिनं काठीकडं पाह्यलं. मी म्हटलं, आमी खाली करत नाही. पण दुसरी बाज मावते. तुझा बाप अन् मी. पोट्टी मधात झोपन.

तिनं इचारलं, "अव्वा, आणि इथेच झालं तर? तुम्ही राहाल मग ह्या खोलीत?"

 राहू शकन का मी? अंगठा देताना किती हसली होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गाडी निघाली म्हणे मंचेरियलहून. ती पळतच समोर गेली.

प्रणाली आता आली. इथवर लिहून झाल्यावर तिनं पेन ठेवला अन् टेबलाचं एक टोक धरलं. म्हणे, आजी, दुसरं टोक तुमी धरता का, की मी एकटीच ओढू?

थांब. आधी पेन घे अन् हे लिही, मंग दुसरं टोक मी धरते.